निष्पत्तीचा तक्ता

१

पदवीच्या मराठी अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत आता नेमलेल्या पुस्तकाच्या आधी तक्ता येतो. त्याच्या उभ्या रकान्यात त्या अभ्यासपत्रिकेच्या 'निष्पत्ती' असतात, आडव्या ओळीत संपूर्ण पदवीच्या निष्पत्ती असतात आणि दोन्ही जिथे छेदतात त्या चौकटीत १, २ किंवा ३ हा आकडा घालायचा असतो. संबंध क्षीण आहे, मध्यम आहे की दृढ आहे, हे त्या आकड्याने सांगायचे असते. विधानांची धाटणी ठरलेली आहे. विद्यार्थी मध्ययुगीन काव्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करील, कादंबरीच्या घटकांचे विश्लेषण करील, त्याच्यात सामाजिक संवेदनशीलता विकसित होईल, अशी भविष्यकाळी क्रियापदे एकाखाली एक येत राहतात. सत्र संपले की गुणांवरून टक्केवारी काढली जाते आणि कोणती निष्पत्ती कितपत साध्य झाली याचा आकडा महाविद्यालयाच्या अहवालात जातो. सामाजिक संवेदनशीलताही त्यातून सुटत नाही.

या व्यवहाराला मराठीच्या अध्यापकवर्गाने दोन प्रकारे प्रतिसाद दिलेला दिसतो. एक वर्ग तक्ता भरतो आणि विसरतो. दुसरा वर्ग तक्ता भरतो आणि खासगीत उसासा टाकतो, की साहित्याचे मोजमाप होत नसते, ती अनुभवाची गोष्ट आहे. पहिल्या वर्गाचा दोष उघड आहे. दुसऱ्याची भूमिका मात्र उदात्त वाटते, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या दोन्ही भूमिकांवर आहे. वाचकाच्या ठिकाणी साहित्यकृतीमुळे काय घडेल हे आधी लिहून देता येत नाही. पण त्याने काय करायचे आहे, कशावर करायचे आहे आणि त्याच्या वाटेत कोणते अडथळे आहेत, हे आधी लिहून देता येते आणि दिलेच पाहिजे. ते आपण कधीच लिहून दिले नाही. ती जागा रिकामी होती, म्हणून तिथे तक्ता येऊन बसला.

२

हा तक्ता आला कोठून, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. त्याचे घर अभियांत्रिकी शिक्षणात आहे. काही देशांच्या अधिस्वीकृती संस्थांनी १९८९ मध्ये 'वॉशिंग्टन करार' केला. एका देशातली अभियांत्रिकी पदवी दुसऱ्या देशात समकक्ष मानली जावी, हा त्याचा हेतू होता. समकक्षता ठरवायची तर कोणत्या महाविद्यालयात किती तास शिकवले यापेक्षा पदवीधराला काय करता येते, हे सांगणे सोयीचे होते. भारताच्या राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाला या कराराचे पूर्ण सदस्यत्व २०१४ मध्ये मिळाले आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत निष्पत्तींची परिभाषा रूढ झाली. तिला तिथे काही अर्थ आहे. दिलेल्या भाराला पुरेल अशी तुळई विद्यार्थी आखू शकतो की नाही, हे तपासता येते, कारण भार किती धरायचा, सुरक्षिततेसाठी किती वाढवायचा, याविषयी मानक संहिता आहे आणि ती परीक्षक व विद्यार्थी या दोघांनाही बांधून ठेवते.

पुण्यातच याची जुनी साक्ष आहे. १८५४ मध्ये येथे निघालेला इंजिनिअरिंगचा वर्ग सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करावेत या उघड हेतूने निघाला होता. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोणाला, कशासाठी तयार करायचे, हे त्या संस्थेच्या जन्मातच लिहिलेले होते.

तरीही अभियांत्रिकीत सारे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही. अधिस्वीकृती मंडळाच्या बारा गुणविशेषांच्या यादीत गणित आणि आरेखन यांच्या जोडीला व्यावसायिक नीती, संवाद आणि आजीवन अध्ययन हेही होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. बांधकाम पुरे झालेले नसताना पहिल्याच पावसाळ्यात धरणात पाणी साठवले गेले होते. अशा वेळी अभियंत्याला काय माहीत असते आणि काय बोलण्याचे धैर्य असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तक्त्यात मावते. दुसऱ्या गोष्टीपुढे ३ हा आकडा लिहिल्याने धरणाची भिंत तसूभरही भक्कम होत नाही. म्हणजे तक्ता जिथला आहे तिथेही तो सगळ्या चौकटींत सारखाच खरा नाही.

असा हा तक्ता साहित्याच्या विभागांत आला तो प्रशासकीय वाटेने. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, २०१७ मध्ये आपली चौकट सुधारली तेव्हा अध्यापन-मूल्यमापनाच्या निकषात अध्ययन निष्पत्तींना स्वतंत्र स्थान होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यानंतर निष्पत्तींवर आधारलेल्या अभ्यासक्रमांचे आराखडे विषयवार काढले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हीच परिभाषा सार्वत्रिक झाली. या साऱ्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. अभियंत्यांच्या निष्पत्ती वाचणारा कोणीतरी आहे. तो दुसऱ्या देशातला अधिस्वीकृती अधिकारी आहे, आणि त्याच्यासाठीच त्या लिहिल्या गेल्या. मराठी साहित्याच्या पदवीसाठी असा कोणता करार कोणी कोणाशी केला आहे? विद्यार्थी हा तक्ता वाचत नाही. अध्यापक तो पुन्हा उघडत नाही. मूल्यांकन समिती तो आहे की नाही एवढेच पाहते. ज्याला वाचकच नाही अशा मजकुराचे उत्पादन वाङ्मयाच्या विभागांनी करावे, यातला विनोद कडू आहे.

३

तक्त्यातली क्रियापदे ज्या परंपरेतून येतात तिचाही विचार केला पाहिजे. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाची सुरुवात उद्दिष्टांपासून करावी असे मांडले. बेंजामिन ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांचे बोधात्मक क्षेत्राचे वर्गीकरण १९५६ मध्ये आले. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्ट हे निरीक्षणक्षम वर्तनाच्या भाषेतच लिहिले पाहिजे असा आग्रह धरला. ब्लूम १९५७ च्या सुमारास भारतात आले होते आणि माध्यमिक परीक्षांच्या सुधारणेवर त्यांचा ठसा उमटला. बी.एड. झालेल्या कोणालाही 'उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे' हे शब्द आणि प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता नवा नाही. महाविद्यालयांत आज जे नवे म्हणून आले आहे ते आपल्या शाळांत सहा दशके मुरलेले आहे, आणि शाळेतल्या भाषाशिक्षणाची आजची स्थिती आपल्यासमोर आहे.

ब्लूम यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांचे वर्गीकरण महाविद्यालयीन परीक्षकांच्या चर्चेतून निघाले होते. परीक्षेतल्या प्रश्नांची देवघेव करताना एकमेकांना समजेल अशी परिभाषा त्यांना हवी होती. म्हणजे ती प्रश्नांची छाननी करण्याची सोय होती. आपल्याकडे तिचे रूपांतर क्रियापदांच्या यादीत झाले. 'समजणे', 'जाणणे', 'आस्वाद घेणे' ही क्रियापदे निषिद्ध, कारण ती दिसत नाहीत. 'सांगणे', 'वर्गीकरण करणे', 'तुलना करणे' ही विहित, कारण ती दिसतात. दिसते तेच आहे, हे तत्त्व साहित्याच्या अभ्यासाला लावले की काय उरते ते पाहावे. मर्ढेकरांची पिंपातल्या उंदरांची कविता वाचून विद्यार्थी नवकाव्याची चार वैशिष्ट्ये सांगतो. त्याने कविता वाचली होती की नाही, हे त्या उत्तरावरून कळत नाही. कविता न वाचता ते उत्तर अधिक नीटनेटके लिहिता येते.

मोजणीच्या गणितात तर याहून खोल दोष आहे. समजा, ६० टक्के विद्यार्थ्यांना निम्मे किंवा अधिक गुण मिळाले की निष्पत्ती साध्य झाली, असे एखाद्या विभागाने ठरवले. आता हा आकडा वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. विद्यार्थ्यांचे वाचन सुधारणे हा एक. प्रश्न सोपा, ओळखीचा आणि मागच्या वर्षीचाच ठेवणे हा दुसरा. पहिल्याला वर्षे लागतात, दुसऱ्याला प्रश्नपत्रिका काढण्याइतकाच वेळ लागतो, आणि टक्केवारीत दोन्हींचे फळ सारखेच दिसते. जो अध्यापक विद्यार्थ्यांपुढे अनोळखी कविता ठेवील त्याच्या विषयाची निष्पत्ती खाली येईल आणि त्याला सुधारणेचा कृती-आराखडा लिहावा लागेल. म्हणजे ही पद्धती अप्रामाणिक अध्यापनाकडे केवळ दुर्लक्ष करते असे नव्हे, ती त्याला बक्षीस देते.

ब्रिटिश अभ्यासक लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्येच यावर मूलभूत आक्षेप घेतला होता. कौशल्य आणि माहिती यांच्या बाबतीत वर्तनरूप उद्दिष्टे चालू शकतात. पण ज्ञानक्षेत्रात प्रवेश देणे हे शिक्षणाचे काम असेल, तर ते जितके सफल होईल तितके विद्यार्थ्याचे वर्तन अनपेक्षित होत जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. चांगल्या निबंधाचे लक्षणच हे, की तो परीक्षकाने योजलेल्या उत्तरात बसत नाही. आपल्या तक्त्यात अशा निबंधाला चौकट नाही.

४

मराठीच्या अध्यापकाला मात्र स्टेनहाउसपर्यंतही जावे लागू नये. तक्त्याच्या शीर्षस्थानी जो शब्द आहे तो आपल्याच घरातला आहे. 'निष्पत्ती' हा शब्द भरताच्या रससूत्रात येतो, आणि त्याचा अर्थ काय, यावर नवव्या ते अकराव्या शतकांदरम्यान काश्मीरमध्ये जो वाद झाला तो एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'पासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत मराठीत सौंदर्यविचाराची मोठी परंपरा आहे. ज्या विभागात सकाळच्या तासाला रससूत्रावरील चार मते शिकवली जातात त्याच विभागात दुपारी तोच शब्द डोळे मिटून तक्त्यावर लिहिला जातो, ही गोष्ट आपल्या अभ्यासाविषयी बरेच काही सांगते.

लोल्लटाने निष्पत्तीचा अर्थ उत्पत्ती असा केला. कारणे एकत्र आली की रस उत्पन्न होतो, आणि तो मुख्यतः मूळ पात्रात. या व्यवस्थेत प्रेक्षकाला जागा नाही, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. आजचा तक्ता या उत्पत्तिवादाचीच प्रशासकीय आवृत्ती आहे. नेमलेले पुस्तक, ठरलेले तास आणि अध्यापनपद्धती यांचा संयोग झाला की निष्पत्ती होणारच, हे त्यात गृहीत आहे. वाचक येथेही गैरहजर आहे.

शंकुकाने उत्पत्तीऐवजी अनुमिती मानली. प्रेक्षक नटावरून भावाचे अनुमान करतो. त्यासाठी त्याने चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्र पाहून 'हा घोडा' असे ज्ञान होते, पण ते सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांत बसत नाही. परीक्षकाची स्थिती अशीच आहे. उत्तरपत्रिकेवरून तो वाचनाचे अनुमान करतो, आणि त्यात गैर काही नाही. पण आपल्यासमोर आहे ते घोड्याचे चित्र आहे, याचे भान शंकुकाला होते. तक्ता त्याच चित्रावर खोगीर चढवून ६० टक्के प्रवास पूर्ण झाल्याचे कळवतो.

भट्टनायकाने भुक्तीचा पक्ष मांडला, आणि अभिनवगुप्ताने अभिव्यक्तीचा. वाचकाच्या ठिकाणी वासनारूपाने जे आधीच आहे ते प्रकट होते. बाहेरून काही निर्माण करून त्याच्यात घातले जात नाही. या मतातला एक भाग आपल्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचा आहे आणि वर्गात तो बहुधा घाईने उरकला जातो. अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली आहेत. प्रतीतीच्या साधनांची उणीव, स्पष्टतेचा अभाव, स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे, स्थलकालाच्या वेगळेपणात अडकणे, ही त्यांपैकी काही. रस कसा निर्माण करावा याची कृती त्याने दिली नाही. रसाच्या आड काय येते याची यादी दिली. तसेच सहृदयाचे वर्णन करताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, असे त्याने म्हटले. सहृदयता जन्मावर सोडलेली नाही, ती अभ्यासावर उभी आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. रसव्यवस्था ही दलित साहित्याची मोजपट्टी होऊ शकत नाही, हे शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आग्रहाने मांडले आहे, आणि ते मान्य करूनच मी हे लिहीत आहे. मला रसाची मोजपट्टी नको आहे. एका शब्दाचा अर्थ काय, तो वाचकाला कोठे ठेवतो, हे विचारण्याची त्या वादातली शिस्त तेवढी हवी आहे. आपण ती शिस्त शिकवतो, वापरत मात्र नाही.

५

आता उसासा टाकणाऱ्या पक्षाकडे वळू. साहित्य मोजता येत नाही, हे विधान खरे आहे, पण ते कोणाच्या तोंडी आहे हे पाहावे लागते. तक्ता येण्यापूर्वी आपल्या विभागांत आस्वादाचा उत्सव चालू होता, असे कोणी सांगत असेल तर त्याने जुन्या प्रश्नपत्रिका काढून पाहाव्यात. अमुक कवीच्या काव्याची वैशिष्ट्ये सांगा, तमुक कादंबरीतील व्यक्तिचित्रण स्पष्ट करा, टिपा लिहा. उत्तरे गाईडात होती, गाईड चौकात मिळत होते. अनुभवाची गोष्ट म्हणून गौरवलेला विषय परीक्षेत पाठांतराचा विषय होता. तक्त्याने हे खोटे निर्माण केले नाही. त्याने त्याला रकाने पाडून दिले, इतकेच.

याहून गंभीर गोष्ट अशी, की 'अनुभव' या शब्दाआड अपेक्षा लपवून ठेवल्याने काहींचा फायदा होत आला आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, दिवाळी अंक येतो, नाटकाची तिकिटे काढली जातात, त्याला चांगले उत्तर म्हणजे काय हे न सांगता कळते. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्याला ते कळत नाही आणि कोणी सांगतही नाही. त्याला 'रसिकता कमी' असा शेरा मिळतो. उद्दिष्टे लिहून द्या, ही मागणी या विद्यार्थ्याच्या बाजूने पूर्णपणे न्याय्य आहे. तिला परकी म्हणून झिडकारण्याचा अधिकार पुण्याला तर मुळीच नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी शिक्षणाचा हिशेब मागितला होता. कर रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, हे त्यांनी सांगितले. प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य शिकवावे, असा आशय त्यांनी मांडला. तीही उद्दिष्टांची यादीच होती. पण तिच्यात शिकणारा कोण आहे हे पहिल्यापासून ठरलेले होते. सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ पासून धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात जे तक्ते भरले जातात त्यांत 'विद्यार्थी' आहे. तो कोठून आला, काय घेऊन आला, याचा मात्र मागमूस नाही.

याचा परिणाम किती दूरवर जातो हे एका उदाहरणाने पाहू. बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा वर्गात शिकवायची आहे. निवेदक नोकरीच्या गावी जातो, राहायला जागा हवी म्हणून जात लपवतो आणि ती उघड होईल या धास्तीत दिवस काढतो. तक्त्यातली निष्पत्ती सांगते, की विद्यार्थ्यात सामाजिक संवेदनशीलता विकसित होईल. आता वर्गाकडे पाहा. पहिल्या बाकावर असा विद्यार्थी आहे, की ज्याला आडनाव सांगताना कधीही थांबावे लागलेले नाही. तिसऱ्या बाकावरचा पुण्यात शिकायला आला, खोली शोधत हिंडला आणि घरमालकाने भाड्याच्या आधी आडनाव विचारले. या दोघांच्या ठिकाणी एकच निष्पत्ती कशी होईल? पहिल्याला जे प्रथमच कळायचे आहे ते दुसऱ्याला रोजचे आहे. दुसऱ्याने कथा वाचून कदाचित काहीच लिहू नये, वर्गात मान खाली घालावी, किंवा सहा महिन्यांनी आपले पूर्ण नाव मोठ्याने सांगावे. 'संवेदनशीलता' ही निष्पत्ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्या बाकावरचाच विद्यार्थी होता, हे लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्याला संवेदनशील करण्याची योजना आखणे ही केवळ चूक नाही. तो त्याचा अपमान आहे, आणि तो बागुलांच्या नावावर केला जातो.

६

मग लिहायचे काय? याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या विभागात आहे. मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकात देशी भाषांना उच्च परीक्षांतून बाहेर ठेवले आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना स्थान दिले. मराठीसाठी न्यायमूर्ती रानड्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. या अन्यायाची चर्चा आपण करतो. पण त्या काळात अभिजात भाषा शिकवण्याची जी रीत होती तिच्याकडे मात्र पाहत नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची संस्कृतची दोन पुस्तके घ्यावीत. धडा, व्याकरणाचा नियम, शब्दसंग्रह आणि दोन्ही दिशांनी भाषांतराची वाक्ये. धड्याचे उद्दिष्ट धड्याच्या अखेरच्या स्वाध्यायातच असते. तो सुटला तर उद्दिष्ट गाठले, सुटला नाही तर कोठे अडले तेही दिसते. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे संस्कृत रचनेवरचे मार्गदर्शक पुस्तक १८८१ चे आहे. लेखन हे वाचनाची कसोटी असते, हे त्यात गृहीत आहे. या परंपरेची खरी परीक्षा अपठित उताऱ्याची होती. न शिकवलेला मजकूर समोर ठेवायचा आणि विद्यार्थ्याने तो उलगडायचा. पुढे संस्कृतही गुण मिळवून देणारा विषय झाले, ही वेगळी कथा आहे. पण कसोटी प्रामाणिक होती.

मराठीने विद्यापीठात प्रवेश मिळवला, पण अशी कसोटी मिळवली नाही. आपण वाङ्मयेतिहास घेतला, वैशिष्ट्ये घेतली. लेखनाची वेगळी चूल 'व्यावहारिक' किंवा 'उपयोजित' मराठी या नावाने मांडली. तिथे इतिवृत्त आणि जाहिरातीचा मजकूर शिकवला जातो, त्याच्या निष्पत्ती तपासताही येतात. मात्र साहित्य वाचणाऱ्याने लिहू नये आणि लिहायला शिकणाऱ्याने साहित्य वाचू नये, अशी ही विभागणी झाली आहे. तिच्यामुळे दोन्ही बाजू दुबळ्या झाल्या.

माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली अशी, की प्रत्येक नेमलेल्या पुस्तकापुढे निष्पत्तीऐवजी विघ्ने लिहावीत. ज्ञानेश्वरीचा अध्याय नेमला तर कोणते शब्द, कोणते व्यवहार, कोणती दर्शनाची परिभाषा आजच्या वाचकाच्या आड येते, हे सांगावे. म. वा. धोंडांनी 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' या ग्रंथात किती कष्टाने हे काम केले आहे ते आपल्यासमोर आहे. अशी यादी केली की एक गंमत दिसेल. शेतीच्या दृष्टान्तात शहरातला विद्यार्थी अडेल, गावातला त्याला समजावून सांगेल. वेदान्ताच्या परिभाषेत दोघेही अडतील. विघ्ने सर्वांची सारखी नसतात, म्हणून ती लिहिताना वर्गातल्या माणसांचा विचार करावाच लागतो.

दुसरी मागणी अशी, की प्रत्येक अभ्यासपत्रिकेत निदान एक तृतीयांश गुण अपठित मजकुरावर असावेत आणि तसे पुस्तिकेत आधीच छापावे. विद्यार्थ्याला न शिकवलेली कविता मिळेल, तिच्याविषयी त्याने मजकुराचा आधार देत लिहायचे आहे, एवढे एक वाक्य तक्त्यातल्या सगळ्या क्रियापदांपेक्षा अधिक सांगते. गाईडाचा धंदा या एका वाक्याने बसेल.

तिसरी मागणी अशी, की सत्राआधीच्या भाकिताऐवजी सत्रानंतरचे टिपण लिहावे. या वर्षी कोणते पुस्तक कोठे अडले, कोणत्या प्रश्नाला सर्वांनी एकच उत्तर दिले, कोणत्या उत्तराने परीक्षक चकित झाला, हे अध्यापकाने चार पानांत लिहावे आणि विभागाने ते विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. हिशेब हाच असतो. आधी लिहून ठेवलेली बेरीज हा हिशेब नव्हे.

यावर ठरलेला प्रतिवाद येईल, की नमुना वरून येतो, तो भरावाच लागतो, महाविद्यालयाची श्रेणी त्यावर अवलंबून असते. हे खरे आहे. पण नमुन्यात रकाने छापून येतात, वाक्ये छापून येत नाहीत. 'सामाजिक संवेदनशीलता विकसित होईल' हे वाक्य मराठीच्या अभ्यासमंडळावरील मराठीच्या प्राध्यापकांनी मराठीत लिहिलेले असते. रकाना भरणे सक्तीचे आहे, त्यात खोटे लिहिणे सक्तीचे नाही. त्याच रकान्यात 'न शिकवलेली कविता वाचून तिच्यावर लिहील' असे लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती एवढीच, की असे लिहिले तर तसे शिकवावे लागेल.

'अभ्यासक्रम' हा शब्द आपण रोज वापरतो. अभ्यासाचा क्रम, एवढाच त्याचा अर्थ आहे. कोणता अभ्यास आणि कोणत्या क्रमाने, याचे उत्तर मराठीच्या विभागांनी एकदा स्पष्ट शब्दांत द्यावे. अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत तक्त्यातले कोणतेही एक वाक्य घेऊन सदस्यांनी एकमेकांना विचारावे, की हे खरे आहे का आणि कोणत्या विद्यार्थ्याविषयी खरे आहे. ज्या वाक्याला उत्तर मिळणार नाही ते खोडावे. तक्ता त्यानंतर फार लहान होईल, आणि त्यात जे उरेल ते शिकवता येईल.